हिरव्या मण्याच्या अलीकडे

नाही नाही, काढू नका! हात खाली घ्या, काका. पट्टी आहे तशीच राहू दे डोळ्यावर. आणि आता मला परत एकदा सांगा, आत्ता काय म्हणालात तुम्ही? मी तिकडे दाराशी वाकून दोरीची गाठ घट्ट करत होते, पाठ होती माझी तुमच्याकडे, आणि मी विचारलं, काका, हिरव्या मण्याकडे बघा, काय दिसतंय — आणि तुम्ही काय म्हणालात? "दोन दोऱ्या दिसतात ताई, आणि हिरव्या मण्यावर बरोब्बर फुली." पाढा म्हणावा तसं, एका दमात. मी खूश होऊन वळले — आणि वळून बघते तर उजव्या डोळ्यावर ही काळी पट्टी! मघाच्या व्यायामाची, काढायची राहिलेली! अहो, एक डोळा बंद आहे तुमचा. एका डोळ्याला दोन दोऱ्या? एका डोळ्याला एकच दोरी दिसते, काका. तुम्हाला, मला, मोठ्या डॉक्टरांना, सगळ्या जगाला एकच दिसते. दोन दिसायला दोन डोळे लागतात, आणि नुसते उघडे असून भागत नाही, दोघंही कामावर हजर लागतात. मग ही दुसरी दोरी आली कुठून? खिशातून काढलीत?

हसू नका. मी विनोद करत नाहीये. आणि उठूही नका — दोरी दाराला बांधलीय, दार उघडायचं नाही, तुम्ही जाणार कुठून?

पहिल्या दिवशी किती वेळ घालवला होता मी तुमच्यासाठी, आठवतंय? ह्याच खुर्चीत. दोरीचं हे टोक तुमच्या नाकाशी, ते टोक दाराच्या कडीला, मधे तीन मणी — लाल जवळचा, हिरवा मधला, पिवळा लांबचा. आणि मी सांगितलं, उजवा डोळा एका बाजूने बघतो, डावा दुसऱ्या बाजूने, दोघांनी मिळून हिरव्यावर नेम धरला की दोरीच्या दोन दोऱ्या होतात आणि बरोब्बर हिरव्यावर एकमेकींना कापतात. एकच दिसली तर समजायचं, एक डोळा झोपलाय. म्हणजे डोळा नाही झोपलेला, डोळा बिचारा बघतोय, पण मेंदू त्याचं ऐकून घेत नाही — घरात एखादं माणूस असतं ना, बोलत असतं, बोलत असतं, आणि कुणी मान वर करून बघत नाही, तसं. तुमचा डावा डोळा तसा आहे. त्याला परत बोलतं करायचं, आणि मुख्य म्हणजे मेंदूला ऐकायला लावायचं, एवढंच तर आपण इथे करतोय. एवढंच, पण केवढं! आणि तुम्ही मान डोलावलीत. मी म्हटलं, कळलं? तुम्ही म्हणालात, कळलं की.

कधीपासून चाललंय हे?

आजच? चुकून? काका, माझ्याकडे बघून सांगा. — बरं, एका डोळ्याने बघा, पण बघून सांगा.

म्हणजे पहिल्यापासून.

थांबा, मला बसू द्या. ... पहिल्यापासून. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, "ताई, दिसली हो दुसरी दोरी," आणि मी टाळ्या वाजवल्या, बाहेरून चष्म्याच्या काउंटरवरची मुलगी धावत आली काय झालं म्हणून — त्या दिवशीसुद्धा नव्हती दिसली? आणि मी तिला म्हणाले, बघ, सत्तावन्नाव्या वर्षी! बघ, लोक म्हणतात होत नाही! — तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात, मान खाली घालून, आणि मला वाटलं लाजताहेत.

आणि शिकलात कुणाकडून? उत्तर काय द्यायचं ते कळलं कसं? मी तर फुलीबद्दल एकदाच बोलले होते. ... बाकावर? बाहेरच्या बाकावर बसून? अरे देवा. हो, बरोबर आहे. तुमच्या आधीचा तास मुलांचा, आणि मुलं काय हळू बोलतात? "दोन दोऱ्या! मण्यावर फुली! मी जिंकलो!" — अख्ख्या इमारतीला ऐकू जातं. आणि तुम्ही बाहेर बसून पाठ करत होतात. आरशाच्या व्यायामाची उत्तरं पण? लाल-हिरव्या चष्म्याची पण? सगळीच? वा. परीक्षेच्या आधी दाराबाहेर उभं राहून आतल्यांची उत्तरं ऐकायची. सत्तावन्नाव्या वर्षी कॉपी, काका!

काय म्हणालात? शाळेतही?

शाळेत डोळे तपासायला यायचे तेव्हाही. रांगेत मुद्दाम मागे उभं राहायचं, पुढच्या मुलांची अक्षरं ऐकायची आणि आपली पाळी आली की एक डोळा झाकून तीच म्हणून टाकायची. आणि मास्तर म्हणायचे, शाबास, डोळे उत्तम. हे तुम्ही मला आज सांगताय? हे पहिल्या दिवशी सांगायचं असतं! मी विचारलं होतं, लहानपणी काही त्रास? तुम्ही म्हणालात, छे, डोळे एकदम फर्स्ट क्लास, फक्त मला चेंडू कधी झेलता आला नाही. फक्त चेंडू! आणि जिन्यावर भिंतीला हात लावल्याशिवाय पाय खाली पडत नाही, ते? आणि रस्ता ओलांडताना समोरची गाडी लांब आहे की जवळ, ते बाजूच्या माणसाच्या पायांकडे बघून ठरवायचं, ते? तो निघाला की आपण निघायचं. तुम्हीच सांगितलंत, हसत हसत, जसं काही गावातली गंमत सांगताय.

मला आधी वाटलं होतं, धंद्यामुळे झालं असेल. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलीत, उजव्या डोळ्याला भिंग, डावा मिटलेला, त्यामुळे डावा आळसावला. पण उलटं आहे, हे आता कळतंय मला. डावा आधीपासूनच रजेवर होता, म्हणून तुम्ही असा धंदा शोधलात की ज्यात दुसरा डोळा लागतच नाही. भिंगाखाली सगळं एका इंचात. तिथे लांब-जवळ काही नाही, पायरी नाही, चेंडू नाही, अंगावर येणारी गाडी नाही. हुशार आहात तुम्ही. माझं डोकं फिरतंय ते ह्याच्यामुळेच — एवढी हुशारी, एवढा आटापिटा, सगळा कशासाठी? तर दिसत नाही हे कुणाला दिसू नये म्हणून. त्याच्या निम्मी मेहनत त्या डोळ्यावर केली असतीत तर!

वय झालं, म्हणू नका. ते सोडून काहीही म्हणा. "वय झालं" हे दोन शब्द मला कधी एकटे सापडले ना, जिन्यावरून ढकलून देईन मी त्यांना. हात मोडला, प्लॅस्टर निघालं, की सत्तरीच्या माणसालाही व्यायामाला पाठवतात. कुणी म्हणत नाही, राहू दे, वय झालं, लटकू दे हात तसाच. पक्षाघात झालेला माणूस परत बोलायला शिकतो, परत चमचा धरायला शिकतो, आणि आपण त्याला म्हणतो, वा, काय जिद्द! पण डोळ्यांचं आलं की सगळ्यांचं ठरलेलं — लहानपणी झालं तर झालं, नाहीतर संपलं, चष्मा घाला आणि गप्प बसा. चष्मा चित्र साफ करतो, काका. दोन डोळ्यांनी मिळून कसं बघायचं, हे चष्मा शिकवत नाही. आणि मी काही जादूटोणा विकत नाहीये. मोतीबिंदू व्यायामाने जात नाही, चष्म्याचा नंबर व्यायामाने पळून जात नाही, हे मीच मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावलंय, आणि कुणी वेगळं सांगत असेल तर त्याच्याशीही भांडायची माझी तयारी आहे. मोठ्या माणसाला वेळ जास्त लागतो, हेही कबूल. सगळ्यांना सारखं येत नाही, पूर्ण येईलच असंही नाही, हेही कबूल. पण ओळ न सोडता वाचणं, जवळचं बघून लांबचं बघताना डोकं न दुखणं, पुढची पायरी किती खाली आहे त्याचा अंदाज येणं — हे शिकता येतं हो. पन्नाशीत येतं, साठीत येतं. थोडं येतं, पण येतं! आणि ज्याला आयुष्यात कधी आलं नव्हतं ना, त्याला ते थोडंसुद्धा किती असतं!

त्या मुद्रितं तपासणाऱ्या बाई आठवतात? तुमच्यानंतर यायच्या, निळा स्वेटर. दुपारी तीननंतर त्यांची अक्षरं पोहायला लागायची, एकाच्या दोन ओळी व्हायच्या, आणि बाईंना वाटायचं आपण कामचुकार झालो. कामचुकार! डोळे जवळच्या कामावर एकत्र टिकत नव्हते, बाकी काही नाही. पेन्सिल नाकाकडे आण, पेन्सिल लांब ने, ही पारदर्शक पट्टी, तो बाणांचा तक्ता — रोज, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यावरही. आता संध्याकाळपर्यंत वाचतात, आणि घरी गेल्यावर स्वतःसाठीही वाचतात. पण मी म्हटलं, बाई, उद्या याल का मोठ्या डॉक्टरांसमोर, एवढंच सांगायला? तर म्हणाल्या, नको गं बाई, छापखान्यात कळलं तर म्हणतील हिचे डोळे गेले. आता ह्याला काय म्हणायचं? बऱ्या झाल्या, आणि बऱ्या झाल्याचं लपवताहेत! आणि मोठे डॉक्टर म्हणतात, त्यांना नुसती विश्रांती हवी होती, तेवढ्यानेच बरं वाटलं असेल.

हो, उद्या. उद्या दहाला येणार ते ह्या खोलीत.

तुम्हाला सांगणार नव्हते मी. तुम्हाला दडपण येईल म्हणून. पण आता कसलं दडपण? — मोठे डॉक्टर वाईट नाहीत. शस्त्रक्रियेचा हात असा आहे त्यांचा की लोक लांबून लांबून येतात. पण त्यांचं म्हणणं, मुलांचं ठीक आहे, चालू दे, मोठ्यांचा हा तास बंद करू. खोली लागते, माणूस अडकतो, आणि फायदा काय झाला ते दाखव. दाखव! मी म्हटलं, दाखवते. एक माणूस दाखवते. आणि कुणाबद्दल सांगितलं मी त्यांना? छाती पुढे काढून कुणाबद्दल सांगितलं? आमचे घड्याळवाले काका. आले तेव्हा एकच दोरी दिसायची, आता दोन दिसतात. ते म्हणाले, बरं, मग मी स्वतः बघतो. स्वतः बघणार ते, काका! त्यांच्याकडे अशी यंत्रं आहेत की तिथे बाकावर पाठ केलेलं चालत नाही. पहिल्या मिनिटाला कळणार त्यांना. ते रागावणारसुद्धा नाहीत, ते फक्त माझ्याकडे बघतील, तसे चष्म्याच्या वरून. आणि परवा ह्या खोलीत परत चष्म्यांच्या डब्यांचे खोके येऊन पडतील, आधी होते तसे.

काढा आता ती पट्टी. बघवत नाही मला.

— का पण? मला एवढंच सांगा. तुम्हाला इथे कुणी बांधून आणलं होतं? मी नाही आणलं. तुम्ही आलात. तुमच्या लेकीमुळे आलात. नात झाली, आणि लेक म्हणते, बाबा, आधी बसा, मग देते तिला. उभं असताना कडेवर देत नाही. पायरीपाशी तर नाहीच नाही. तुम्ही म्हणालात, ताई, तिचं चुकत नाही, मीसुद्धा दिलं नसतं. पण मला एकदा तिला घेऊन जिना उतरायचाय. घरच्या जिन्यावरून अंगणापर्यंत, बस. हे तुम्ही म्हणालात तेव्हा माझ्या — जाऊ दे. मग त्या जिन्याला फसवता येणार होतं का तुम्हाला? जिना विचारतो का, दोन दोऱ्या की एक? जिना विचारत नाही, सरळ पाडतो. मला खोटं सांगून तुम्ही कुणाचं भलं करत होतात?

मी खूश व्हायचे म्हणून?

मी — खूश व्हायचे म्हणून.

म्हणजे तुम्ही खरं सांगितलं होतं. सुरुवातीला. हो... सांगितलं होतं. तिसऱ्या का चौथ्या खेपेला. "एकच दिसते हो ताई." आणि मी काय केलं? काही केलं नाही मी. मी फक्त म्हटलं, नीट बघा. — कसा होता माझा चेहरा? असा? एवढा पडायचा? आणि मग म्हणायचे, परत बघा. आणि परत बघा. आणि तुम्ही पडलात दुकानदार. गिऱ्हाईकाचं तोंड पडलं की "होईल, होईल, उद्या नक्की" म्हणायची सवय. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात, मण्याकडे नाही. मी हिरवा मणी सरकवायचे आणि तुम्ही माझ्या भुवया वाचायचात. फुली मण्यावर म्हटलं की ताई हसते. म्हणजे हे मीच शिकवलं तुम्हाला. मुलांनी उत्तर दिलं, पण ते बरोबर आहे हे मी सांगितलं, रोज, न बोलता. कमाल आहे. डोळ्यांची शिक्षिका मी, आणि माझ्या तोंडावर काय चाललंय ते मला दिसत नाही!

पण म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही हं! अजिबात नाही. रागावलेय मी, अजून रागावलेय.

घसा सुकला माझा बोलून बोलून. त्या टेबलावरचा जग — राहू द्या, मी घेते. बरं, द्या तुम्ही. द्या. पण सांडू नका, तिथे मुलांचे तक्ते आहेत. तो जग बघितला की मला तुमचा पहिला दिवस आठवतो. तुम्ही पाणी मागितलंत, मी म्हटलं घ्या, आणि तुम्ही जगाचं तोंड आधी ग्लासच्या कडेला टेकवलंत. टिक. मग ओतलंत. मी म्हटलं, अस्सं, ह्यांना ग्लास कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते ते दिसत नाही, हे ऐकून ओळखतात. मी ते लगेच ओळखलं, कारण तो आवाज ऐकतच मी मोठी झालेय. आमच्या घरी जेवताना रोज तोच आवाज. बाबा आणि त्यांचा ग्लास, टिक, टिक, टिक. आई म्हणायची, ग्लास फुटेल एखाद्या दिवशी. आम्हा भावंडांना वाटायचं, सगळे बाबा असेच ओततात.

हो, माझे बाबा. त्यात काय बघायचंय एवढं? असतात सगळ्यांना बाबा. आराखडे काढायचे ते, मोठमोठ्या इमारतींचे, कागदावर जिने काढायचे आणि घरचा जिना उतरताना भिंत धरायचे. स्कूटर घेतली, दुसऱ्याच आठवड्यात उभ्या हातगाडीवर घातली, लागलं नाही कुणाला, पण विकून टाकली. ऐन तिशीत कुणीतरी डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, आता उशीर झाला, हे लहानपणी करायचं असतं. संपलं. त्या दिवसापासून त्यांनी ते वाक्य असं धरून ठेवलंय, जसं काही बक्षीस मिळालंय. मी हे शिकायला लागले, मी त्यांना म्हटलं, बाबा, तेव्हा तसं मानायचे, आता तसं राहिलं नाही, चला, करून बघू. तर म्हणतात, कशी चाललीय तुझी डोळ्यांची तालीम? किती जोर, किती बैठका? रोज. रोज एकच विनोद. मी भांडले, रडले, न जेवता उठले, काही उपयोग नाही. आणि मग मी तुमच्याबद्दल सांगायला लागले त्यांना. नाव नाही सांगत, तसं करत नाही मी, नुसतं घड्याळवाले काका. आज काकांना दुसरी दोरी दिसली. आज काकांची फुली मण्यावर आली. आणि त्या दिवशी बाबांनी विनोद केला नाही. घास हातात तसाच धरून म्हणाले, खरंच? किती वय म्हणालीस त्यांचं? आणि परवा, काका, परवा म्हणाले, बघ, सोमवारी वेळ आहे मला. असं, भाजी आणायला जायचंय म्हणावं तसं. सोमवारी येणारेत ते. त्यांना काय सांगू मी? की ते घड्याळवाले काका ना, ते बाहेरच्या बाकावर बसून पाठ करायचे, तुम्हीही लवकर या, बाक रिकामा असतो सकाळी —

थांबा.

आवाज आला नाही.

पाणी ओतलंत ना तुम्ही आत्ता? मी खिडकीकडे बघत होते, मी बघितलं नाही. ओतलंत? आणा इकडे. ... भरलाय. टेबल कोरडं आहे. टिक झालं नाही, काका. जग टेकवला नाहीत कडेला? मुद्दाम नाही टेकवला? नाही, तुम्हाला कळलंच नाही, हो ना? मी काय विचारतेय तेच तुम्हाला कळत नाहीये. ओता परत. त्या दुसऱ्या ग्लासात. — नको! थांबा, नका ओतू. आता सांगितल्यावर तुम्ही ते माझ्यासाठी कराल. घरी कसं ओतता हल्ली? लक्षात नाही? लेक काही म्हणाली? ... काय म्हणाली? "बाबा, हल्ली ग्लास वाजत नाहीत."

आणि हे तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही! खोटं सांगायला रोज वेळेवर हजर, आणि खरं घरी ठेवून आलात!

थांबा, थांबा, एवढ्यात नाचायचं नाही. हे मी मलाच सांगतेय. ह्याने काही सिद्ध होत नाही. हात सरावला असेल. मोठे डॉक्टर तेच म्हणतील, हात सरावला असेल. पण मग ती पट्टी. आधी पट्टी बांधली की तुम्ही सारखे चाचपायचात, कधी काढू, कधी काढू, जीव घाबरा व्हायचा तुमचा नुसत्या डाव्यावर. आणि आज ती डोळ्यावर आहे हेच विसरलात. उजवा बंद, आणि तुम्हाला चुकल्यासारखंही वाटलं नाही. माझ्या आत्ता लक्षात येतंय हे. मी इतका वेळ ओरडत होते, पट्टी, पट्टी, पट्टी, आणि —

बसा. खुर्चीत बसा. पाठ टेकवू नका. दोरी घ्या, नाकाशी धरा, ताठ. झोळ नको. दोन्ही डोळे उघडे आहेत ना? चाचपून बघा, हो, चाचपून बघा, आज माझा विश्वास नाही कशावर. आता हिरवा मणी. आणि आता मी काय करतेय ते ऐका. मी तोंड फिरवतेय. ही मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तुम्हाला माझी वेणी दिसेल, वेणीवरून काही कळत नाही. मुलंही नाहीत बाहेर आज. बरोबर काय, चूक काय, काही नाही. जे दिसेल ते. काही दिसलं नाही तर काही नाही. घाई नाही. मी बोलणार नाही. मला जमत नाही ते, माहितीये मला, पण नाही बोलणार.

...

एकच? बरं. — नाही, नाराज नाही, आवाजच तसा आहे माझा. एकच तर एकच. बघत राहा.

...

काय? परत सांगा. हळू सांगा. दुसरी येते — आणि जाते? कशी येते? पुसट. धुरकट, आणि तुम्ही तिच्याकडे बघायला गेलात की पळते. बरं. मग जाऊ नका तिच्याकडे, मण्यावरच राहा. ती येईल तेव्हा येईल. ... आहे? आत्ता आहे? मग फुली? फुली कुठे आहे, काका? हिरव्यावर?

नाही?

अलीकडे. हिरव्याच्या अलीकडे, लालच्या पलीकडे. नक्की? हिरव्यावर नाही? मुलं तर म्हणतात — बरं, बरं, ओरडू नका, तुम्ही म्हणताय ना अलीकडे, तर अलीकडे. मी कुठे भांडतेय? चुकलंय म्हणताय उत्तर? हो, चुकलंय. पुस्तकाप्रमाणे चुकलंय. नेम जवळ पडतोय तुमचा. पण हे उत्तर तुम्हाला कुणी शिकवलं, काका? बाकावर कधी ऐकलंत हे? बाकावर ऐकू येणं शक्यच नाही, कारण आत ज्याची फुली चुकते ना, तो मुलगा ओरडत नाही, तो हळूच सांगतो.

नाही, मी वळणार नाही. तुम्ही कशाला वळा म्हणताय? माझं तोंड बघितलंत की परत तेच सुरू कराल. झालं आजचं. जा तुम्ही. उद्या दहाला. मोठे डॉक्टर विचारतील तेव्हा हेच सांगायचं, पुसट येते, जाते, आणि फुली अलीकडे. एक शब्द जास्त सांगितलात तर माझ्याशी गाठ आहे. माझ्याकडे बघायचं नाही, त्यांच्याकडेही बघायचं नाही, मण्याकडे बघायचं. आणि ते म्हणतील एवढंच? तर म्हणू देत. मग मी बोलेन. बोलायला मी आहे.

जा म्हटलं ना. दोरी सोडा आधी, दाराला बांधलीय. निघाली? आणि जपून, बाहेर पायरी — नाही. नाही सांगत आज. बघा तुमचं तुम्ही.